हत्तीनं बसवलेला रूळ

फार फार वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट आहे. कोणत्या राजाची, कोणत्या मुलखातली, ते विचारू नका. सांगून सांगून माझं तोंड दुखलं आणि ऐकणाऱ्यांनी एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं. तरी सांगतो. लहानांनी ऐका, मोठ्यांनीही ऐका. मोठ्यांनी जरा जास्तच ऐका, कारण चूक मोठ्यांची आहे.

एका डोंगराळ राज्यात, नदीच्या काठाला, तांब्याचा पत्रा करायची शाळा होती. आत दोन जाडजूड लोखंडी रूळ एकावर एक आडवे बसवलेले. बाहेर नदीचं पाणी मोठं चाक फिरवी आणि ते चाक रूळ फिरवी. तापवलेली तांब्याची वीट रुळांच्या मधे सरकवली की पलीकडून पत्रा बाहेर येई. पोळी लाटावी तसं तांबं लाटलं जाई, म्हणून लोक त्या जागेला लाटणशाळा म्हणत. तिथल्या पत्र्याचे हंडे आणि घंगाळी साऱ्या राज्यात जात.

ती लाटणशाळा उभी केली होती मालोबा कारागिरानं. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चौकट ही त्याची खरी करामत. चारी बाजूंनी बंद, माथ्यावर जाड तुळई, आणि तुळईत लालभडक करून ठोकलेल्या पाचरी. त्या गार झाल्या की अशा आवळून बसत की विचारू नका. रूळ वरून आत उतरवायला राजानं खास आपल्या हत्तीखान्यातला हत्ती धाडला होता. हत्तीनं दोर धरला, रूळ अलगद खाली बसले, वर तुळई चढली, पाचरी ठोकल्या. मग राजानं स्वतः चौकटीला खांदा लावून धक्का दिला. चौकट तसूभर हलली नाही.

"वा मालोबा! ही जन्मात हलायची नाही," राजा म्हणाला आणि त्यानं मालोबाच्या मनगटात सोन्याचं कडं घातलं.

हत्ती त्याच संध्याकाळी परत गेला.

आता त्या राज्यात एक रीत होती. कारागिरानं काम पुरं केलं की त्याला शाल आणि नारळ द्यायचा, आणि त्यानं मागं वळून न बघता निघून जायचं. आपल्या हातचं काम त्यानं पुन्हा कधी बघायचं नाही. बघितलं तर म्हणे कामाला त्याचीच नजर लागते. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही, पण काढणारा कारागीरच असणार, कारण सोय त्याचीच होती! तर मालोबा शाल घेऊन गेला. मग त्यानं दुसऱ्या गावी तशीच लाटणशाळा बांधली, तिसऱ्या गावीही तशीच. सगळीकडे शाल, नारळ आणि वाहवा.

पण बाळांनो, लोखंड झालं तरी झिजतंच. तांबं लाटून लाटून रुळांना मधोमध खळगा पडे. मग पत्रा मधे जाड आणि काठाला कागदासारखा पातळ निघे. अशा पत्र्याचा हंडा पहिल्याच उन्हाळ्यात गळायचा. म्हणून रूळ अधूनमधून बाहेर काढून, घासून सरळ करून, पुन्हा बसवावे लागत. आणि तिथंच सगळ्यांचे डोळे पांढरे व्हायचे.

कारण काढायचे कसे? आधी पाचरी पुन्हा तापवायच्या, घणानं ठोकून सैल करायच्या. मग ती तुळई दोरांनी वर घ्यायची. मग रूळ वर उचलायचा, चौकटीच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि खाली उतरवायचा. हत्तीनं केलेलं काम माणसांनी करायचं. एकदा मुकादमानं दरबारात हत्ती मागितलाही होता. राजाच्या कारभाऱ्यानं परस्पर उत्तर धाडलं, हत्ती मिरवणुकीसाठी आहे. झालं!

रूळ काढणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता रायाजी, मालोबाचाच जावई. सगळ्यांत जड बाजू तो आपल्या खांद्यावर घ्यायचा. रूळ काढायचे दिवस आले की टोळीतली माणसं घरी धड बोलत नसत. जेवायला बसत आणि तशीच भिंतीला टेकून झोपी जात. कुणाची कंबर धरलेली, कुणाची बोटं चेचलेली. काही जण कायमचे घरी बसले, काही गाव सोडून गेले. उरलेल्यांवर भार वाढला.

आणि काम जितकं जिवावर येई, तितकं ते पुढं ढकललं जाई. रूळ खराब झालेत हे सगळ्यांना दिसायचं. मुकादम म्हणायचा, "ओढा अजून थोडे दिवस." रायाजीही म्हणायचा, "ओढू." त्याला काय पत्रा खराब निघावा असं वाटत होतं? छे! पण दमलेला माणूस दुसरं काय म्हणणार? गावोगावचे हंडे गळायला लागले आणि लोक तांबटांना शिव्या द्यायला लागले.

एके दिवशी रायाजीची बायको सगुणा बापाच्या घरी आली. मालोबा अंगणात पाटावर बसून कड्याला रिठा लावून चकाकी आणत होता. सगुणा उभ्यानंच म्हणाली, "आबा, एकदा लाटणशाळेत येऊन बघा."

"अगं, असं कसं येऊ? रीत मोडायची का?"

"यांचा उजवा हात वर जात नाही. मी घास भरवते. दोघांनाही लाज वाटते, पण भरवते. अजून एकदा तो रूळ खांद्यावर घेतला ना, तर हा माणूस कामातून जाईल. जन्माचा जाईल."

मालोबाला वाईट वाटलं. नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्याला राग आला. तो म्हणाला, "माझ्या चौकटीत काही खोट नाही. इतकी वर्षं झाली, एकदा तरी हलली का?"

"तेच तर सांगतेय, आबा! हलत नाही."

"मग झालं तर. माणसं कमी पडत असतील तर मुकादमाला सांग. मी कारागीर आहे, हमाल नाही."

सगुणानं डोळ्यांना पदर लावला आणि आल्या पावली परत गेली. मालोबानं कडं पुन्हा घासायला घेतलं, पण हात काही चालेना.

बरेच दिवस गेले. लाटणशाळेनं आणखी ढकललं, आणखी ओढलं. शेवटी पत्रा काठाला फाटूनच बाहेर यायला लागला, तेव्हा कुठं रूळ काढायचं ठरलं. सगुणा पुन्हा बापाच्या दारात आली. या वेळी ती आत आलीच नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "आज काढतायत," आणि निघून गेली.

मालोबा मग उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि नदीची वाट धरली.

त्याला दारात बघून मुकादम धावत आला. "मालोबा, अहो, परत फिरा! नजर लागेल चौकटीला!"

"लागू दे," मालोबा म्हणाला आणि आत शिरला.

आत धूर होता, पाचरी तापत होत्या. घण पडत होते. माणसं घामानं निथळत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मालोबानं सगळीकडे नजर फिरवली. त्यानं जिथं हत्ती उभा केला होता तिथं ही मूठभर माणसं उभी होती, दोर मनगटाला गुंडाळून. म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "हत्ती कुठाय?"

आधी कुणाला कळेचना. मग एक जण हसला. मग सगळेच हसले. वाईट मनानं नाही हो, पण हसता हसता एकाला खोकल्याची ढास लागली आणि तो मटकन खाली बसला. रायाजी तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही बाजूला उभे राहा. दोर कधी सुटेल सांगता येत नाही."

रूळ वर चढला. चौकटीच्या माथ्यावर आला. पलीकडे न्यायला माणसांनी दम धरला, आणि एकाच्या हातातला दोर घामानं घसरला. रूळ कलंडला. खाली खोकणारा माणूस अजून बसलेलाच होता. रायाजीनं विचार केला नाही. त्यानं खांदा दिला.

खोकणारा माणूस वाचला. रायाजीही जगला. पण जे हाड मोडलं ते सगळ्यांनी कानांनी ऐकलं.

वैद्यानं पट्ट्या बांधल्या, लेप दिले. मालोबा जावयाच्या उशाशी बसला होता. सगुणा बापाला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो मनात एकच गोष्ट उगाळत होता. रूळ वर का उचलायचा? वरून उतरवला म्हणून? वरून का उतरवला? हत्ती होता म्हणून. इतकी वर्षं इतक्या माणसांनी ते ओझं वाहिलं, ते कशासाठी, तर त्या एका दिवशी त्याच्या हाताशी हत्ती होता म्हणून! मालोबानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो छिन्नी घेऊन लाटणशाळेत गेला आणि चौकटीची एक बाजू कापायला बसला.

कारभारी धावत आला. "मालोबा, डोकं फिरलंय का? राजांनी नावाजलेली चौकट आहे ही! दार पाडलंत तर कमजोर होईल. हलेल!"

"थोडी हलू दे. काढायच्या वेळी तर हललीच पाहिजे."

"कडं कशाबद्दल मिळालंय ते विसरलात वाटतं?"

मालोबानं मनगटातलं कडं उतरवलं आणि कारभाऱ्याच्या हातात दिलं. "विसरलो नाही. हे राजांना परत द्या. माझ्या नावानं शिव्या द्यायच्या तर त्याही द्या. पण मला काम करू द्या, मी फार उशीर केलाय."

कारभारी पुटपुटत गेला. मालोबा कापत राहिला. दुपारी दमला की थोडा टेकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा बसायचा. आपलीच चौकट कापताना त्याला रडू यायचं, मग तो तसाच रडत रडत कापायचा. टोळीतली माणसं आपणहून मदतीला आली. चौकटीची ती बाजू दारासारखी झाली आणि ते दार एका जाड खिळीवर घट्ट बसलं. चौकटीसमोर रुळाच्याच उंचीचा एक लाकडी गाडा आला. खीळ काढायची, दार उघडायचं, गाडा भिडवायचा आणि रूळ आडवा ओढून घ्यायचा. वर उचलायचं नावच नाही.

आणि चौकट? चौकट काही हलली नाही. पहिल्यासारखाच पत्रा निघायला लागला. उगाच भीती!

राजाच्या कानावर गेलं. राजा वाईट नव्हता, फक्त त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं जुनी रीत बंद केली आणि नवी लावली. काम बसवणाऱ्या कारागिरानं तेच काम आपल्या हातानं एकदा काढून, पुन्हा बसवून दाखवायचं, त्या गावच्याच माणसांच्या बळावर. त्यानंतरच शाल. मालोबा उरलेलं आयुष्य आपल्या जुन्या लाटणशाळांच्या गावी फिरत राहिला आणि आपल्याच चौकटी कापत राहिला.

पण ते पुढचं. नव्या दारातून रूळ पहिल्यांदा काढले, त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी रायाजीला मुद्दाम बोलावलं होतं. त्याचा हात गळ्यात बांधलेला. तो हात पुन्हा कधीच कामाला येणार नाही, हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याला भिंतीपाशी बसवलं. टोळीतल्या एकानं खीळ उपटली, दोघांनी दार उघडलं, बाकीच्यांनी गाडा भिडवला आणि ओढलं. रूळ घरंगळत गाड्यावर आला. कुणी ओरडलं नाही, कुणाला धाप लागली नाही. दुपारच्या आत दोन्ही रूळ बाहेर आले आणि माणसं हात धुऊन भाकरी सोडायला बसली. गप्पा मारत होती, एकमेकांच्या ताटातला ठेचा पळवत होती.

रायाजी त्या गाड्याकडे बघत होता. मग सासऱ्याकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "एवढंच होतं, मामा?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग करायलाही अंगात जोर लागतो. मालोबानं मान खाली घातली. 

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: कोणतीही वस्तू बसवतानाच ती काढणार कोण आणि कशी, याचा विचार करावा; आपण केला नाही, तर त्याची किंमत दुसऱ्याचं शरीर मोजतं.