सगुणाच्या साखरगाठी

आमराईच्या सावलीत एक इवलंसं गाव होतं, आणि त्या गावात होती एक इवलीशी सगुणा. वय बघाल तर मुठीएवढं, पण कामं चार बायकांची! पाडव्याच्या गुढीला घालायच्या साखरेच्या गाठी गावात फक्त तिच्या घरी व्हायच्या. यंदा आईचा हात मोडला आणि सगळा भार पोरीवर आला. पाक तिनं करायचा, लाकडी साच्यात दोरा तिनं ताणायचा, थिजलेल्या गाठी सोडवायच्याही तिनंच.

पाडवा उद्यावर आला, आणि टोपली अर्धीही भरली नव्हती! "संध्याकाळपर्यंत गाठी झाल्या नाहीत तर बाजारातून आणू," गावचे तात्या पाटील सांगून गेले, "मग दरसाल तिकडूनच." म्हणजे आईची चूल कायमची विझणार! सगूचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात अंगणातल्या चुलीपाशी काहीतरी चमचमलं. बोटाएवढी एक परी! चंदेरी झगा, जांभळे पंख, आणि ते दोन्ही पंख सांडलेल्या चिकट पाकात रुतलेले. "सोडव ना गं मला," ती रडवेली होऊन म्हणाली.

चुलीवर पाक उकळत होता. आता उठलं तर करपणार. पण सगू उठली. कोमट पाण्यानं तिनं ते नाजूक पंख धुतले, फुंकर घालून वाळवले. पाक करपला तो करपलाच.

परी खुदकन हसली. "माग काय हवं ते!"

"मला मदतीला हात दे, परीताई. खूप खूप हात!"

"दिले! पण नियम ऐक. काम सांगायचं, शिकवायचं. कुणाच्या हातातून काम काढून घेतलंस, की तो गेलाच म्हणून समज."

अंगणातल्या आंब्यावरून टुणकन खारूताई उतरली. मागून तपकिरी चिमण्या आल्या, हिरवेगार राघू आले. खारूताईनं साच्यात दोरा घातला, पण वाकडा! "अगं बाई, राहू दे, मीच करते!" सगूनं दोरा ओढून घेतला. झालं! खारूताई धूम आंब्यावर. चिमण्यांनी साखर आणताना सांडली, सगूनं वाटी हिसकावली. चिमण्याही भुर्रर्र!

हसू नका हं! आईच्या नावाची गाठ, ती देखणीच हवी, असं वाटायचं बिचारीला.

ऊन कललं. राघूनं गाठ सोडवली आणि ती कडकन तुटली. सगूचा हात पुढे गेला... पण तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. डोळ्यांत पाणी आलं. "राघोबा," ती हळूच म्हणाली, "ओढू नकोस. आधी चोचीनं साच्यावर टकटक कर. हं, अस्सं! पुन्हा कर बघू."

दुसरी गाठ बेताची निघाली. तिसरी मात्र अखंड, पांढरीशुभ्र! सगू टाळ्या पिटत नाचली. मग आंब्याकडे बघून म्हणाली, "खारूताई, चिमणाबायांनो, चुकलं गं माझं! परत याल?"

"गेलेल्यांना बोलवायचं नाही असं मी कुठं म्हटलं?" परीनं डोळे मिचकावले.

आणि काय सांगू, एकच धमाल उडाली! खारूताईचे दोरे सरळ, चिमण्यांची साखर भराभर, राघूंची टकटक. गुलाबी गाठी, केशरी गाठी, पिवळ्याधम्मक गाठी! सगू पाक ढवळत सगळ्यांवर नजर ठेवत होती, आणि मधेच चक्क गाणंही म्हणत होती. दिवेलागणीच्या आत टोपल्या काठोकाठ भरल्या.

तात्या आले आणि टोपल्यांकडे बघतच राहिले. "शाब्बास गं वाघिणी! पुढच्या साली शेजारच्या गावांच्या गाठीही तुझ्याकडंच."

"सांगा त्यांना, तात्या!" सगू ऐटीत म्हणाली. दारातली आई हसता हसता रडायला लागली.

पाडव्याच्या सकाळी दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. सगूच्या गुढीवर कलशापाशी परी क्षणभर बसली, हात हलवला, आणि सोनेरी उजेडाच्या एका झोतात विरून गेली. खाली आईनं दुसऱ्या, धडधाकट हातानं सगूला जवळ ओढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी लेक!"