न धुतलेल्या अंगरख्याची कहाणी

ऐका रक्ताच्या लेकींनो, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, पदर सावरा, चुळबुळ करायची ती आत्ताच करून घ्या. मधेच कुणी उठायचं नाही.

आटपाट एक नगर होतं, पण आपल्या मुलखातलं नव्हे. सात समुद्र ओलांडावे, तिथं यवनांचं बेट लागावं. पांढऱ्या दगडांची घरं, जैतुनाची रुपेरी झाडं. वारा सुटला की सगळं बेट पाण्यात पडलेल्या चांदण्यासारखं हलायचं. त्या बेटावर एक राजघराणं होतं. त्यांना गलबतं होती, शेळ्यांचे कळप होते, मधाचे रांजण होते. विश्वास तेवढा नव्हता. भाऊ भावाकडे पाठ करून बसत नसे.

त्या घरात एक रीत होती. घरचा माणूस घरच्याच हातून मेला, तर त्याच्या अंगावरचं वस्त्र धुवायचं नाही. रक्तासकट घडी घालायची, देवदाराच्या पेटीत ठेवायची. मेल्याचा मुलगा सोळा वर्षांचा झाला, की त्यानं ते वस्त्र अंगावर चढवायचं आणि मारणाऱ्याला मारायचं. मग त्या मेल्याचं वस्त्र दुसऱ्या पेटीत. तलवारी रोज धूत असत हो, घासूनपुसून लख्ख करीत. कपडे मात्र बायकांच्या गळ्यात बांधले होते.

तर त्या घरात दोघे भाऊ राज्य करीत होते. थोरल्याची राणी मिर्ता, धाकट्याची रोदा. दोघी जावा एका चुलीपाशी बसत, एका वाटीतला मध चाटीत. रोदाला एक मुलगा होता, तिमो त्याचं नाव. आठ वर्षांचा, पण आईपाशी कमी आणि काकूपाशी जास्त. "काकू, अंजीर दे. काकू, गोष्ट सांग. काकू, माझ्या अंगड्याचा बंद बांध." मिर्ता बंद बांधी, गालावर टिचकी मारी, की हा पळाला.

पुढं काय झालं? थोरला राजा देवळात गेला. तिथं धुरात बसून एक बाई भविष्य सांगे. राजानं विचारलं, "माझा काळ कोण?" आता मला सांगा, असलं काही विचारावं का माणसानं? पण राजांना खाज असते. धुरातून बाई म्हणाली, "तुझा पुतण्या."

राजा घरी आला. जेवला नाही, बोलला नाही, निजला नाही. मग शिकारीला निघाला. मग तिमोला संगती घेतलं. मग भाला फेकला. मग घरी येऊन म्हणाला, "झुडपात हरीण वाटलं."

धाकट्या राजानं ओळखलं. लेकराला अग्नी दिला, आठ दिवस गप्प बसला, आणि नवव्या दिवशी भरल्या पंगतीत भावाच्या छातीत सुरी घातली. पुतण्या काळ झालाच. जिवंतपणी व्हायचा नव्हता, मेल्यावर झाला.

मिर्तानं नवऱ्याचा अंगरखा पेटीत ठेवला. तिच्या मांडीवर दोन महिन्यांचा दिओन होता. त्याला तिनं पलीकडच्या बेटावर आजोळी धाडलं. बरोबर निरोप दिला, "ह्याला तलवार शिकवा. दुसरं काही शिकवू नका. सोळा सरली की पाठवा." रोदानं लेकाचं अंगडं पेटीत ठेवलं. तिला दुसरं मूल नव्हतं. ते अंगडं कुणाच्या अंगाला येणार नव्हतं. तरी तिनं जपलं.

जावा बोलेनाशा झाल्या. चौकात भिंत उभी राहिली. मधोमध एक झरा होता, तो अर्धा इकडे आला, अर्धा तिकडे गेला.

पहिल्या वर्षी अंजिरं पिकली. भर दुपार, सावल्या पायाखाली आलेल्या. समुद्राकडून तीन म्हाताऱ्या चालत आल्या. केस ओले, डोळे तांबारलेले, पायांचा आवाज नाही. मिर्ताच्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, लांबून आलो. न्हाऊ घाल." मिर्ता म्हणाली, "माझं घर सुतकात आहे. चालत्या व्हा." त्या गेल्या. झरा खारट झाला.

दुसऱ्या वर्षी अंजिरं पिकली. तिघी आल्या. "बाई, भूक लागली. घास वाढ." मिर्ता म्हणाली, "मी काय अन्नछत्र घातलंय? चालत्या व्हा." त्या गेल्या. सातूच्या भाकरीला राखेची चव आली.

तिसऱ्या वर्षी अंजिरं पिकली. तिघी आल्या. "बाई, उघड्या आहोत. अंगावर घ्यायला दे." मिर्ता म्हणाली, "घरात वस्त्रं ढीगभर आहेत, तुमच्यासारख्या भुतांना नाहीत. चालत्या व्हा." त्या गेल्या. मग राजवाड्यात सगळ्यांना एकच स्वप्न पडू लागलं. धुकं आहे, ओली वाळू आहे, वाळूवरून एक पोर चालतंय. चालतंय, चालतंय, जवळ काही येत नाही. राजाला तेच स्वप्न, दासीला तेच, दारावरच्या कुत्र्याला तेच. तोही झोपेत कण्हायचा.

खारट पाणी पीत, राखेची भाकर खात, एकच स्वप्न बघत तेरा वर्षं गेली. माणसाला सगळ्याची सवय होते. वाईट खोड आहे ती.

मग दिओनला सोळा सरली. त्याचं गलबत त्या दिवशी दुपार कलताना यायचं होतं. मिर्तानं पहाटे पेटी उघडली, अंगरखा बघितला, आणि तिथंच पेटीला टेकून तिचा डोळा लागला. स्वप्नातलं पोर त्या दिवशी जवळ आलं. अगदी जवळ आलं आणि पाठमोरं उभं राहिलं. म्हणालं, "काकू, बंद सोड ना. अंगडं कडक झालंय. टोचतं." मिर्तानं हात पुढं केला. बंद वाळल्या रक्तानं दगड झाला होता. तिला सोडवेना. "राहू दे," म्हणालं, आणि धुक्यात गेलं.

मिर्ता जागी झाली ती घामानं निथळत. सोळा वर्षं तिनं नवऱ्याचं रक्त मोजलं होतं. ह्या रक्ताकडे बघितलं नव्हतं. आणि आज संध्याकाळी तिचा दिओन तलवार घेऊन त्या पोराच्या बापापुढं उभा राहणार होता. दोघांतला एक उठणार नव्हता.

दुपार झाली. सावल्या पायाखाली आल्या. तिघी आल्या. ह्या खेपेस मिर्ता स्वतः उंबऱ्याबाहेर आली.

"बायांनो, तुम्ही कोण?"

"ह्या घरच्या लेकी," थोरली म्हणाली. "तुझ्या आजेसासऱ्याचं रक्त भावानं सांडलं, त्यातून मी उठले. तिमोचं सांडलं, त्यातून ही मधली. तुझ्या नवऱ्याचं सांडलं, त्यातून ही धाकटी."

"लेकी, आणि इतक्या म्हाताऱ्या?"

"वैराच्या लेकी म्हाताऱ्याच जन्मतात," धाकटी फणकारली. "माहेरी येतो, तर तू कुत्र्यासारखं हाकलतेस. आज संध्याकाळी चौथी जन्मेल. मग तिलाही हाकल."

मिर्तानं तिचे पाय धरले. "नका गं बोलू असं. माझं एकच लेकरू आहे. उपाय सांगा."

"वसा आहे. तुझ्यानं व्हायचा नाही. तू मानी. अर्ध्यावर टाकशील."

"टाकणार नाही."

"तोंडानं सगळ्याच म्हणतात."

"मी मिर्ता आहे. मी वैर सोळा वर्षं टाकलं नाही, वसा टाकीन होय?"

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. थोरली म्हणाली, "मग ऐक. आधी न्हाऊ घाल. मग जेवू घाल. मग पेटीतलं वस्त्र धुऊन आमच्या अंगावर घाल. पण आपलं आपण धुवायचं नाही. तुझं जावेनं धुवायचं, जावेचं तू धुवायचं. लेकराचं गलबत लागायच्या आत."

मिर्तानं तिघींना खाऱ्या झऱ्याशी न्हाऊ घातलं, केस विंचरले. राखेची भाकर मधात बुडवून जेवू घातली. तिघींनी बोटं चाटली. मग मिर्तानं अंगरखा उचलला आणि भिंतीला वळसा घालून जावेच्या दाराशी गेली. ते पाऊल सगळ्यात जड. समुद्र ओलांडणं सोपं हो, जावेचा उंबरा ओलांडून बघा.

रोदा दारातच उभी राहिली. "ह्या कोण महाराणी? वाट चुकलात वाटतं."

"रोदा, हा धुऊन दे."

"माझ्या नवऱ्यानं सांडलेलं रक्त मी धुऊ? माझा लेक मारला त्या माणसाचं? जीभ झडत नाही का तुझी?"

"तिमोचं अंगडं मी धुते."

"त्याचं नाव घेऊ नको!"

"तो माझ्या स्वप्नात येतो. म्हणतो, काकू, बंद सोड, टोचतं."

रोदानं दाराची चौकट धरली. मग हळूच म्हणाली, "माझ्या स्वप्नात तो दूरच राहतो. माझ्याशी बोलत नाही."

"आज बोलेल. दिओनचं गलबत येतंय. तुझा नवरा जाईल, नाही तर माझा लेक. सांग, कोणाचं वस्त्र उद्या पेटीत ठेवायचं?"

रोदा आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा अंगडं छातीशी होतं.

दोघी झऱ्याशी बसल्या. मिर्तानं दासीला हाक मारली, "कढत पाणी आण गं!" तशी रोदा कडाडली, "कढत? डाग पक्का करायचाय का? रक्ताला गार पाणी लागतं आणि मीठ. राण्या झालात, लुगडं धुवायची अक्कल आली नाही."

"मीठ कुठून आणू आता?"

रोदानं ओंजळभर झऱ्याचं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "देवानंच घालून ठेवलंय."

बायांनो, ज्या शापाला इतकी वर्षं रडल्या, तोच आता कामाला आला. दोघींनी कपडे भिजत घातले. रोदा अंगरख्याला चोळी, शिव्या देई, रडे, पुन्हा चोळी. मिर्ता अंगड्याला चोळी. बंदाची गाठ काही सुटेना. बोटांनी सुटेना, नखांनी सुटेना. मग तिनं तोंड खाली केलं आणि दातांनी सोडली. पाणी आधी काळं गेलं, मग तांबडं गेलं, मग गुलाबी गेलं, मग नितळ झालं. मिर्तानं ओंजळ तोंडाला लावली. पाणी गोड होतं.

एवढ्यात गलबत लागलं. दिओन पायऱ्या चढून आला. उंच, कोवळ्या मिशा फुटलेल्या, हातात नागवी तलवार. "आई, अंगरखा कुठंय?"

"पाण्यात."

"पाण्यात? कुणी घातला?"

"तुझ्या काकूनं धुतला."

पलीकडून धाकटा राजा आला. केस पांढरे झालेले, पण चिलखत चढवलेलं, तलवार उपसलेली. दोघे समोरासमोर उभे राहिले. वारा पडला. जैतुनाचं पान हललं नाही. दोघी जावा ओल्या हातांनी तशाच बसून राहिल्या.

राजाची नजर खाली दगडावर गेली. अंगडं पसरलेलं होतं. पांढरं, स्वच्छ, वीतभर बाह्यांचं.

"हे... एवढंसं होतं?"

"एवढंसंच होतं," रोदा म्हणाली.

राजानं ते सोळा वर्षं बघितलं नव्हतं. मनात वैर वाढलं, तसं लेकरूही वाढत गेलं होतं. पहाडाएवढं झालं होतं. राजा मटकन खाली बसला. तलवार दगडावर वाजली. पंगतीतल्या त्या दिवसापासून त्याला रडू आलं नव्हतं. आज आलं.

दिओनची तलवार उगारलेलीच. आईकडे बघितलं, काकूकडे बघितलं, रडणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग लहान पोरासारखं म्हणाला, "काका, मला एवढंच शिकवलंय. आता काय करू?"

राजा म्हणाला, "बाळा, मलाही दुसरं काही येत नाही."

रोदानं पदराला नाक पुसलं. "मी सांगते काय करायचं. तो अंगरखा पाणी पिऊन जड झालाय, आम्हा दोघींना उचलत नाही. एक टोक तू धर, एक तू धर, आणि पिळा. उभे काय राहिलात खांबासारखे?"

दिओननं तलवार खाली ठेवली. दोघांनी दोन टोकं धरली. एकानं इकडे पिळलं, एकानं तिकडे पिळलं. पिळता पिळता दोघं जवळ आले.

कपडे जैतुनाच्या फांदीवर वाळले. मिर्तानं अंगरखा धाकटीच्या अंगावर घातला, अंगडं मधलीच्या गळ्यात बांधलं. थोरलीचं वस्त्र कधीच वाळवीनं खाल्लं होतं. रोदानं आपली शाल काढली आणि तिच्या खांद्यावर टाकली.

मिर्ता म्हणाली, "राहा की दोन दिवस."

"माहेरवाशीण किती राहायची? येऊ दरवर्षी. हाकलू नका म्हणजे झालं. आणि ऐका, ज्या बाईच्या घरात वैर असेल, तिनं अंजिरं पिकली की पहिल्या शुक्रवारी तीन म्हाताऱ्या बायांना न्हाऊ घालावं, जेवू घालावं, आणि वैऱ्याच्या घरचं एक वस्त्र आपल्या हातानं गार पाण्यात धुवावं. वस्त्र मागायला स्वतः जावं, दासीला पाठवू नये."

तिघी उतारावरून समुद्राकडे निघाल्या. दुपार कललेली, उन्हाला मधाचा रंग आलेला. इकडून बघताना आधी त्यांच्या पाठी सरळ झालेल्या दिसल्या, मग केस काळे झालेले दिसले. वाळूवर पोहोचल्या तेव्हा त्या तीन पोरी होत्या. एकीच्या अंगाला अंगरखा ढगळ होत होता, तो सावरीत ती पळत होती, आणि बाकीच्या दोघी तिला हसत होत्या.

मिर्तानं अर्ध्यावर वसा टाकला नाही. तिच्यावर तिघी प्रसन्न झाल्या, तशा तुम्हांआम्हांवर होवोत. कुणाच्या पेटीत काही राहिलं असेल, तर पाणी गार आहे तोवर धुऊन घ्या. ही साठ बोलांनी गुंतलेली कहाणी पाच बोलांनी सुटली, फळाला आली, पुरी झाली.