गिट्टूची टोपी आणि मावशीचे मोजे

एक होता उंदीर. एवढुस्सा! नाव त्याचं गिट्टू. शेपूट मात्र हीऽऽ लांब!

गिट्टू राहायचा पारूमावशीच्या पोत्यांमागे. मावशी गल्लोगल्ली फिरायची. रिकाम्या बाटल्या, डबे, प्लास्टिकच्या पिशव्या वेचायची. भंगारवाल्याला विकायची. पिशवी मिळाली की बोटांनी चुरगळायची. चुर्र वाजली? या पोत्यात. फुस्स वाजली? त्या पोत्यात. आणि दुपारी भाकरीचा एक तुकडा गिट्टूला. रोज म्हणजे रोज!

आज तुकडाच नाही. गिट्टूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मावशी नुसती बसलेली. हाताला चिंधी बांधलेली.

"काच लागली रे बाळा. आता कामाला कशी जाऊ? भाकरी कुठून आणू?"

गिट्टूला रडूच आलं. मग त्यानं मिशा पुसल्या आणि निघाला. तुर्र तुर्र तुर्र!

"शिंपीदादा, शिंपीदादा, हातमोजे शिव. मोजे मावशीला. मावशीच्या हाताला काच लागली!"

"माझं कापड मऊ मऊ. जाड कापड आण, मग शिवतो."

शेळी बसली होती जुन्या जाड पँटवर. गिट्टू गेला तुर्र तुर्र तुर्र!

"शेळीताई, शेळीताई, कापड दे. कापड शिंप्याला, मोजे मावशीला. मावशीच्या हाताला काच लागली!"

"हे तर माझं अंथरूण! पाला आण, मग उठते."

तुर्र तुर्र तुर्र!

"शेवगेदादा, शेवगेदादा, पाला दे. पाला शेळीला, कापड शिंप्याला, मोजे मावशीला. मावशीच्या हाताला काच लागली!"

"घसा सुकलाय रे. पाणी आण, मग देतो."

तुर्र तुर्र तुर्र!

"नळभाऊ, नळभाऊ, पाणी दे. पाणी शेवग्याला, पाला शेळीला, कापड शिंप्याला, मोजे मावशीला. मावशीच्या हाताला काच लागली!"

"सोडलंय की पाणी! पण पाटात पिशवी अडकली. पिशवी काढ, मग पोचेल."

"रोज कोण काढतं?"

"पारूमावशी," नळ म्हणाला.

मग गिट्टूच शिरला पाटात. पिशवी दातात धरली. ओढली, ओढली, ओढली. निघेना! मग कुरतडली. कुर्र कुर्र कुर्र... फटक! निघाली!

पाणी आलं झुळुझुळु. शेवगा प्यायला गटगट. पाला पडला भुरुभुरु. शेळीनं खाल्ला मचमच आणि उठली एकदाची. कापड गेलं शिंप्याकडे. मशीन चाललं खडखड खडखड. झाले मोजे!

दोन दिवसांत जखम सुकली. मावशीनं मोजे घातले. गिट्टूनं पाटातून आणलेली पिशवी घेतली, चुरगळली. चुर्र नाही, फुस्स नाही! नुसतं जाड जाड. मावशी गेली शिंपीदादाकडे.

"दादा, मोजे छान. पण बोटांना काही कळतच नाही!"

शिंपीदादानं कपाळाला हात लावला. "अरेच्चा! मी तुझी बोटं पाहिलीच नाहीत." मग कात्री घेतली. कच् कच् कच्! दहा टोकं कापली. तिथं मऊ मऊ कापड शिवलं. तळव्याला जाड, टोकांना पातळ.

मावशीनं पुन्हा पिशवी चुरगळली. चुर्र!

मावशी हसली. डोळे भरून आले तिचे. "पाणी नळाचं, पाला शेवग्याचा, कापड शेळीचं, शिलाई दादाची. किती केलंत रे माझ्यासाठी!"

"आणि आमचा पाट?" शेवगा म्हणाला. "तो रोज तूच मोकळा करतेस. आम्ही कधी बोललोच नाही."

कापलेली दहा टोकं खाली पडली होती. नऊ शेळीनं खाल्ली. काय करणार, शेळीच ती! उरलं एक. ते मावशीनं गिट्टूच्या डोक्यावर ठेवलं. झाली टोपी! अगदी मापाची!

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेली. दुपारी आली. मोजे काढले. हात अगदी धड. भाकरीचा तुकडा मोडला. आज मोठ्ठा!

गिट्टूनं आधी टोपी काढली. मावशीच्या बोटाला नाक लावलं. आणि मग खाल्ली भाकरी. कुर्र कुर्र कुर्र!

भाकरी संपली पोटात, गोष्ट संपली ओठात.