मागचा बोल्ट

टक्... टक्... टक्...

पत्र्यावर कुणी आतून नखानं वाजवावं, तसा आवाज. चाळीस वर्षं झाली. अजून ऐकू येतो.

"मग हा कसला आवाज, डॉक्टर?" इलाहीचाचांनी विचारलं.

मी जीपमध्ये स्टिअरिंगपाशी बसलो होतो.

विट्याच्या रस्त्याला चाचांचं गॅरेज होतं. तिथं मी सहा वर्षं काम शिकत होतो. गाडी आत येतानाच तिचं दुखणं मी आवाजावरून सांगायचो. म्हणून लोक मला डॉक्टर म्हणायचे. मला ते आवडायचं. चाचा मात्र कधीच म्हणाले नव्हते. त्या सकाळी म्हणाले.

जीप जालिंदरअण्णांची. जुनी, पेट्रोलवरची. इंजिनातला धूर जिथून सायलेन्सरकडे जातो, त्या जोडातून तो गळत होता. पाच दिवसांपूर्वी मीच जोड खोलून फट बुजवायला नवी पॅकिंग घातली होती.

"काय डॉक्टर, पेशंट बरा झाला का?" असं हसत विचारून अण्णा गाडी घेऊन गेले होते. बाळंतीण लेकीला जतला सासरी पोचवायचं होतं. थंडीचे दिवस. गार वारा लागू नये म्हणून मागची ताडपत्री चारी बाजूंनी बांधली होती.

जतला पोचले तेव्हा लेकीचं डोकं फुटायला आलं होतं. मांडीवर चाळीस दिवसांचं बाळ... झोपलंय, असंच ती म्हणत होती.

गाडीचा धूर आत कोंडला, असं दवाखान्यात सांगितलं.

आता अण्णा गॅरेजच्या दारात एका जुन्या टायरवर बसले होते. जीप त्यांनी आदल्या रात्रीच आणून उभी केली होती.

"गाडी दिली तेव्हा आवाज नव्हता, चाचा," मी म्हणालो. "अण्णांनीही ऐकलंय. विचारा त्यांना."

चाचांनी त्यांना काही विचारलं नाही.

"तेव्हा इंजिन गरम होतं?"

"...होतं."

"आणि आत्ता?"

मी खाली बघितलं. लोखंड तापलं की फुगतं, फट दाबली जाते, आवाज बसतो. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हणून त्यांच्याकडची रीत अशी, की पॅकिंग बदललेली गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी गार इंजिन सुरू करायचं, ऐकायचं, मगच किल्ली द्यायची.

मी दुपारीच दिली होती. दुपारपर्यंत करतो, असं चारचौघांत बोलून बसलो होतो.

"बंद करू, चाचा?"

"नको. चालू दे."

आम्ही ऐकत राहिलो. हळूहळू आवाज बारीक झाला. मग थांबला.

"गेला?"

"गेला."

चाचांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली. नमाजाची. बॉनेटखाली वाकून त्यांनी ती जोडाच्या मागच्या कोपऱ्याशी धरली. बराच वेळ...

बाहेर काढली तेव्हा तिच्यावर रुपयाएवढा धुराचा काळा डाग होता.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरलो.

"मागचा बोल्ट आतच तुटला होता," मी म्हणालो. "काढायला अख्खा दिवस गेला असता. बाकीचे घट्ट आवळले... वाटलं, कुणाला कळणार नाही."

"तुला कळलं होतं ना?"

"हो."

दारात टायर जरासा कुरकुरला. मला तिकडं बघवेना.

चाचांनी टोपी झटकली नाही. डाग पुढं येईल अशी डोक्यावर घातली. मग हत्यारांची पेटी ओढत आणून माझ्या पायाशी ठेवली.

"काढ तो बोल्ट."

"आता काढून काय उपयोग, चाचा?"

"गाडी अजून चालते, निवृत्ती. उद्या तिच्यात कुणीतरी बसेल."

अण्णा उठले. किल्ली गाडीलाच होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रस्त्याला लागले आणि चालत गेले.