जांभळीच्या ढोलीचं दार

फार पूर्वी एका खोऱ्यातल्या मधमाश्यांच्या पोळ्यांनी मिळून एक संघ केला होता. प्रत्येक पोळ्याचा कारभार वेगळा. बहराच्या दिवसांत सगळी आपल्या मधातला वाटा कड्यावरच्या थोरल्या मोहोळाला पोचवत. पुढे त्यातलाच थोडा मध अनुदान म्हणून खाली येई.

एका वर्षी जांभळीच्या ढोलीला तडा गेला. पोळ्यात वारा घुसू लागला. मध खाऊन मेण करायचं आणि तडा बुजवायचा, तर मध संपलेला. तेवढ्यात कड्यावरचा भुंगा मध घेऊन आला.

"थोरल्यांची कृपा आहे," तो दाराशी म्हणाला. "मात्र यातून फक्त दार रुंद करायचं."

तरुण माश्या हरखल्या. म्हाताऱ्या भिमाईने मधाला सोंड लावली.

"हा जांभळाचा मध आहे. कड्यावर जांभळी कधी उगवल्या?"

"चव कशाला बघता, आजी? कामाला लागा."

"लागतो की. पण तडा बुजवायला परवानगी नाही आणि दाराला आहे. आम्हाला तर आहे ते दार पुरतं. भुंगेराव, रुंद दार कुणासाठी?"

 इतका वेळ भुंगा बाहेरच उभा होता. त्याचं अंग त्या दारात मावत नव्हतं.