पाच गावांचा एक लोटा

“आता तरी शाबासकी द्याल का नाही, बाबा?”

रतिलाल मठाची पायरी चढता चढताच ओरडला. भर दुपार. सदरा घामाने चिंब, आणि हातातला कागद झेंड्यासारखा वर धरलेला.

भवानगिरी बाबा ओट्यावर बसून वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पाच गावं, बाबा! एका पाटावरची पाचही गावं! दोन वर्षं कुणाला जमलं नाही, ते मी अकरा दिवसांत केलं. हे बघा अंगठे, ह्या सह्या!”

मीही तिथेच शेंगा सोलत होतो. खरं सांगतो, मला उठून नाचावंसं वाटलं. नदीच्या बंधाऱ्यातून पाट निघतो तो पाचही गावांना पाणी देत जातो. वरचं गाव भरपूर घेतं आणि शेवटच्या गावाचा गहू उभ्या उभ्या करपतो. मागल्या साली यावरून एकाचं डोकं फुटलं. यंदाही तिथला गहू ओंबीवर आलेला. आठ दिवसांत पाणी पोचलं नाही तर संपलंच.

आणि पाणीवाटपाचा करार जमवला आमच्या रतिलालने. बाबांचा लाडका शिष्य. वकिली शिकलेला, हुशार. आपण हुशार आहोत हे दिवसातून चारदा सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, ते सोडा.

“वाच,” बाबा म्हणाले.

रतिलालने घसा खाकरला. “पाचही गावांनी एकमेकांचा विचार करून, योग्य वेळी, योग्य तितकं पाणी घ्यावं.”

“पुढे?”

“एवढंच! आधी अठरा कलमं होती, बाबा. कुणाला किती तास, कुणाचा नंबर कधी, सगळं. पण एक हो म्हणे तर दुसरा उठून जाई. मग मी काय केलं… ज्या कलमाला एकानेही नाही म्हटलं, ते काढून टाकलं. शेवटी हे राहिलं. याला कुणीच नाही म्हणालं नाही!”

बाबांनी एक शेंग सोलली. मग दुसरी…

तेवढ्यात हलगी कडाडली. पाच गावांचे पाच म्होरके गुलालाने माखून मठात शिरले. पुढे वरच्या गावचे दौलत पाटील, सगळ्यात मागे शेवटच्या गावचे हिलाल अप्पा. म्हातारा पहाटेच पायी निघालेला. आल्या आल्या त्याने रतिलालला मिठीच मारली.

“पोरा, गहू वाचला रे माझा!” आणि रडायलाच लागला. माझेही डोळे भरून आले, कशाला लपवू?

“बाबा, आधी पाणी पाजा,” पाटील म्हणाले. “नाचून घसे वाळले.”

आमच्या मठाची रीत अशी की पंगतीला एकच लोटा फिरतो. तोंड न लावता वरून प्यायचं आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. बाबांनी स्वतः विहिरीतून लोटा भरून आणला आणि रतिलालच्या हातात दिला.

“तू पाज.”

“कसं पाजू?”

“कागदात लिहिलंय तसं.”

ओळीने बसलेले सगळे खो खो हसले. जवळ बसलेल्या पाटलांनी त्याच्या हातून लोटा घेतला. गट गट गट. वरून पिणाऱ्याच्या पोटात किती गेलं, ते कुणाला दिसतंय? मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. चौथा जरा थांबला, आत डोकावला, आणि तोही प्यायला.

हिलाल अप्पांनी मान मागे टाकून लोटा उपडा केला.

एक थेंब मिशीवर पडला.

हलगी बंद झाली…

“असू द्या, असू द्या,” अप्पा हसून म्हणाले. “आम्हाला सवय आहे.”

रतिलालचा चेहरा पार उतरला. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग तो मटकन खाली बसला, कागद पालटून कोरी बाजू वर केली आणि खिशातलं पेन काढलं.

“पाटील, तुम्ही किती घोट प्यालात?”

“आता घोट मोजणार का माझे?” पाटील उसळले. “एवढं काय आभाळ कोसळलं? दुसरा लोटा भरा की!”

बाबा उठले. बादली विहिरीत सोडली, ओढली, लोटा काठोकाठ भरला आणि अप्पांच्या हातात दिला. अप्पा डोळे मिटून प्यायले.

मग बाबा पाटलांकडे वळले.

“लोट्याला विहीर आहे, पाटील. पाटाला?”