इटुकल्याचं ओलं पांघरूण

गॅलरीत एक डबा. डब्यात काळी काळी माती. मातीत केळ्याची सालं, मटारची टरफलं. आणि त्या पसाऱ्यात कोण? इटुकल्या गांडूळ! एवढास्सा. सालं खातो नि खत करतो.

डब्यावर ओलं गोणपाट. तेच त्याचं पांघरूण.

रेवाताई रोज गोणपाट उचलायची. "बघू, झालं का खत?" रोज परत ठेवायची. आज मात्र कठड्यावर टाकलं नि पळाली!

ऊन आलं चटचट. इटुकल्याचं अंग सुकू लागलं. गांडुळाचं अंग सुकलं की संपलंच की हो! बिचारा घाबरला. निघाला सुळुक सुळुक.

"गोणपाटा गोणपाटा, पांघर मला! अंग माझं सुकलं!"

"मी कोरडं ठाक. झारी भिजवेल, तर पांघरीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"झारीबाई झारीबाई, भिजव गोणपाट! गोणपाट पांघरीना, अंग माझं सुकलं!"

"मी रिकामी खडखडीत. रेवाताई भरेल, तर भिजवीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"रेवाताई रेवाताई, भर झारी! झारी भिजवीना, गोणपाट पांघरीना, अंग माझं सुकलं!"

रेवाताई गाल फुगवून बसलेली. "मला भूक लागलीय. बाबा पोहे वाढतील, तर भरीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"बाबा बाबा, वाढा पोहे! रेवाताई भरीना, झारी भिजवीना, गोणपाट पांघरीना, अंग माझं सुकलं!"

"कोथिंबिरीशिवाय पोहे? छे छे! कोथिंबीर हिरवी होईल, तर वाढीन."

बाबा कसले हट्टी!

कोथिंबिरीची कुंडी डब्याच्या अगदी खाली. कोथिंबीर पिवळी पिवळी. मान टाकलेली.

"कोथिंबीरबाई, हिरवी हो! बाबा वाढीनात, रेवाताई भरीना, झारी भिजवीना, गोणपाट पांघरीना, अंग माझं सुकलं!"

कोथिंबीर हळूच म्हणाली, "मलाही भूक लागलीय रे. कुणी खत देईल, तर हिरवी होईन."

"खत?" इटुकल्या थबकला. "अगं, खत तर मीच करतो!"

चढला डब्यात. सु...ळुक. सु...ळुक. दमला, तरी खत खाली ढकललं. डब्याच्या तळाच्या भोकातून पडलं भुरभुर भुरभुर.

कोथिंबीर झाली हिरवीगार. बाबांनी वाढले पोहे. रेवाताईने खाल्ले मटामटा. झारी भरली बुडबुड बुडबुड. झारीने गोणपाट भिजवलं झिरझिर झिरझिर.

रेवाताईने डब्यात पाहिलं. इटुकल्या हलेना!

"अगं बाई! मीच तुला उघडं टाकलं?" तिचे डोळे भरले. तिने हलक्या हाताने त्याच्यावर गोणपाट पांघरलं. डब्याला कान लावला.

आणि आतून... सुळुक!

रेवाताई खुदकन हसली.

"कोथिंबिरीची देठं कुणाला गं?" बाबांनी विचारलं.

"माझ्या इटुकल्याला!"

पोहे झाले फस्त. इटुकल्या झोपला मस्त. आता कुणी गोणपाट उचलायचं नाही हं. शूऽऽ!